कानामागचं काजळ

निशिगंधा जन्मली त्या सकाळी अंबूबाईनं तिच्या डाव्या गालावरचं रक्त पदरानं पुसायला घेतलं. ते निघेना. तिनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि पुन्हा पुसलं, जरा दाबून. पोर कळवळून रडलं.

"आजी, घासू नका," सिस्टर म्हणाली. "रक्त नाही ते. जन्माचा डाग आहे."

डाग डोळ्याच्या खालून निघाला होता, गालभर पसरला होता आणि कानाच्या पाळीला वळसा घालून मागं केसांपर्यंत गेला होता. रंग लालभडक. बाकी पोर गोरंगोमटं, नाक सरळ, जावळ दाट, मुठी घट्ट मिटलेल्या. अंबूबाईनं डावा गाल आपल्या छातीशी लपेल असं तिला धरलं आणि बाहेर आली. बाकड्यावर बसलेल्या लेकाला, रविराजला, तिनं आधी उजवा गाल दाखवला. मग दुसरा दाखवावाच लागला.

 अंबूबाईला पोती शिवायची दाभण आठवली.

गोष्ट त्याच्या आधीच्या दिवाळीतली. लक्ष्मीपूजन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्याला ग्रहण होतं. रविराज आणि त्याची बायको विजयश्री चाकणहून गावी, कळंबकडं आली होती. लेक जयमाला भाऊबीजेसाठी पिंपळे गुरवहून आली होती. विजयश्रीला चौथा महिना. खळ्यावर सोयाबीनची रास पडलेली आणि आभाळ भरून आलेलं. सोयाबीन एकदा भिजून कसंबसं वाळलं होतं, आता पुन्हा भिजलं तर कोंबच फुटायचे. रविराज ताडपत्री आणायला गेला होता. मजूर ग्रहणाचं निमित्त करून घरी पळाले होते. अंबूबाई घमेल्यानं पोती भरत होती, पण तोंडं शिवायला माणूस नव्हतं.

पोटुशा बाईनं ग्रहणात काही चिरू नये, शिवू नये, टोचू नये, एका जागी पडून राहावं, नाहीतर पोटातल्या लेकराच्या अंगावर खूण उमटते. हे अंबूबाईला कोणी शिकवायला नको होतं. स्वतःच्या दोन्ही खेपांना तिनं ते पाळलं होतं. तरी तिनं घराकडं तोंड करून हाक मारली, "विजू, ये गं. एवढी चार पोती शिव."

विजयश्री दारात आली. "आत्या, ग्रहण हाय न्हवं? शिवू का?"

"सुटत आलंय आता. शिव म्हनले की."

सुटत आलं नव्हतं. नुकतंच लागलं होतं, आणि अंबूबाईला ते ठाऊक होतं. विजयश्रीनं दाभणीत सुतळी ओवली आणि एकापाठोपाठ एक चारी पोती शिवली. पाण्याची कळशी घेऊन आलेल्या जयमालानं ते पाहिलं, क्षणभर थांबली आणि आत निघून गेली. पाऊस त्या रात्री आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

बारशाला ती गोष्ट बाहेर आली. बारसं चाकणलाच झालं, नाणेकरवाडीच्या चाळीतल्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीत. जयमाला काही कोणाचं वाईट चिंतणारी बाई नव्हे, पण माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवणं तिला जमत नाही. पाळण्यात वाकून पाहणाऱ्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, "मी डोळ्यांनी पाहिलंय ना. ग्रहण लागलेलं आणि वहिनी आपली खळ्यावर दाभण चालवतेय. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

पेढ्यांचा बॉक्स हातात धरून रविराज तिथंच उभा होता. "खरं हाय का, विजू?"

विजयश्रीनं सासूकडं पाहिलं. ओझरतं नाही, चांगलं पाहिलं. अंबूबाई घुगऱ्या वाटत होती. तिनं पुढच्या बाईच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या, मग त्याच्या पुढच्या बाईच्या घातल्या.

"व्हय, शिवली," विजयश्री म्हणाली.

कोणी सांगितलं म्हणून शिवली, हे ती बोलली नाही. अंबूबाईही बोलली नाही. आपण सांगायला दोनदा तोंड उघडलं होतं, असं अंबूबाई नंतर स्वतःला समजावत राहिली, पण खरं म्हणजे एकदाही उघडलं नव्हतं.

तिथून त्या खोलीत बोलणं कमी झालं. रविराज फर्स्ट शिफ्टला पहाटे पाचला बाहेर पडायचा. एका कारखान्यात तो लेसर कटिंगच्या मशीनवर होता. त्याच्या दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक बारीक चट्टे होते. परत आला की बायकोशी त्याचं बोलणं म्हणजे पाणी दे, डबा घासलास का, एवढंच. पोरीला घ्यायचा तो डाव्या खांद्यावर, म्हणजे डावा गाल त्याच्या मानेत लपायचा. हे तो मुद्दाम करत नसावा. पण अंबूबाईच्या नजरेतून सुटायचं नाही, कारण ती स्वतःही तसंच धरायची.

उन्हाळा आग ओकत होता. दुपारी पत्रा असा तापायचा की पाळण्याच्या दोरीला हात लावला तरी चटका बसायचा. अंबूबाई ओलं धोतर खिडकीला लावायची, लंगोट धुवायची, टँकर आला की चार घागरी भरून आणायची आणि कंबर धरून उंबऱ्यात बसायची. तिथं घरमालकांची म्हातारी आई, चिमाबाई, रोज येऊन टेकायची. जुन्या वाडीची बाई, मनानं मोकळी.

"अगं, वाईट कशापायी वाटून घेती?" चिमाबाई म्हणाली. "देवानंच तीट लावून धाडलीया पोरीला. हिला कुनाची नजर लागायची न्हाय बघ."

तिनं ते धीर द्यायला म्हटलं होतं. पण अंबूबाईला ते फार लागलं. गावाहून येताना तिनं एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरून, तुपात खलून, पितळी डबीत भरून आणलं होतं. नातवंडाच्या कपाळाला, गालाला लावायला. ती डबी फळीवर तशीच पडून होती. ज्या पोरीकडं बघून लोक नजर फिरवतात, तिला नजर कसली लागायची?

मग एक दिवस चाळीतल्या कुणीतरी बिब्ब्याचा उपाय सुचवला. बिब्बा तापवून डागावर फिरवायचा, कातडं सोलून निघतं आणि खाली कोरं येतं, म्हणे. विजयश्रीनं ते ऐकलं, पोरीला छातीशी धरलं आणि त्या बाईच्या तोंडावर दार लावलं. दुसऱ्या दिवशी कोणाला न विचारता पोरीला फडक्यात गुंडाळून ती बसनं पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेली. मोशीच्या पुढं दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकली. संध्याकाळी आली ती तोंड सुकवून, पण हातात कागद होता. "डॉक्टरबाईनं दोघांना बोलावलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी आला न्हाईत तर मी एकली जाईन."

तिघंही गेली.

डॉक्टर पद्मा चाळिशीच्या होत्या, आवाज शांत, बोलणं रोखठोक. त्यांनी काचेची एक पट्टी निशिगंधाच्या गालावर दाबली. काचेखालचा लाल रंग नाहीसा झाला, कातडी पांढरी दिसली. अंबूबाई पुढं वाकली. काच उचलली आणि रंग परत आला.

"कातडीखाली रक्ताच्या बारीक नळ्या असतात," डॉक्टर म्हणाल्या. "हिच्या या भागातल्या जरा जास्त रुंद राहिल्यात. डोळा तपासून घेतलाय, तो ठीक आहे. पण हा डाग आपोआप जाणारा नाही. वय वाढेल तसा जांभळा आणि जाड होत जातो. आत्ता कातडी पातळ आहे. आत्ता लेसर सुरू केलं तर चांगला फिका पडेल. पूर्ण जाईल, असं मी सांगणार नाही."

"लेसर?" रविराज खुर्चीवरून पुढं सरकला. "मॅडम, मी लेसरवरच हाय. आठ एमएमचा पत्रा कापतो मी. लोणी कापल्यागत कापतो. ती लेसर माझ्या लेकीच्या तोंडावर?"

"तांबं कापता त्याच्यावर?"

"न्हाई. तांब्यावरनं उजेड उलटा फिरतो. मशीनचं हेड खराब होतं."

"आणि काळा पत्रा?"

"त्याला लगेच धरतं."

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. हा उजेड वेगळा. हा लाल रंगाला धरतो. नळीतलं रक्त तापतं, नळी मिटते. वरच्या कातडीवर त्याच वेळी थंड फवारा मारतो आम्ही. फक्त एक लक्षात ठेवायचं. काळ्या रंगालाही हा धरतो. म्हणून त्या दिवशी बाळाच्या चेहऱ्याला काजळ, पावडर, तेल, काहीही लावून आणायचं नाही."

रविराज हाताच्या चट्ट्यांवरून बोट फिरवत विचार करत बसला. विजयश्रीनं मात्र मान खाली घालून विचारलं, "मॅडम, ग्रहणात शिवलं होतं मी. त्यानं झालं असंल का?"

"कितवा महिना होता?"

"चौथा."

"या नळ्यांचं त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. ग्रहणाचा काही संबंध नाही. तुझ्या हातून काही झालेलं नाही."

विजयश्री तोंडाला पदर लावून रडली. रविराज फरशीकडं बघत राहिला. अंबूबाईला हलकं वाटायला हवं होतं, आणि घटकाभर वाटलंही. डॉक्टरबाई शिकलेली बाई, ती कशाला खोटं सांगेल? पण गावातल्या कोणी हे ऐकलं नव्हतं. जयमालानं ऐकलं नव्हतं. आणि दाभणीचा दोष गेला म्हणून बारशाला गप्प बसल्याचा दोष काही जात नव्हता. तो ग्रहणाच्या माथी मारता येत नव्हता.

दोन दिवसांनी रविराज कामावरून येताना पत्र्याचा एक तुकडा घेऊन आला. स्टीलचा, चकचकीत. कापलेली कड सगळीकडं साफ होती, एका ठिकाणी मात्र काळीठिक्कर पोळलेली.

"हे बघ, आई. इथं मार्करची रेघ ऱ्हायली होती. तेवढ्यानं बघ कसं जळलंय. म्हणून म्हणतो, दवाखान्याच्या दिवशी लेकराला काळं अजिबात नको."

अंबूबाईनं त्या जागेवरून अंगठा फिरवला. खरखरीत लागलं. "न्हाई लावायची, बाबा. मी कशाला लावू?" ती म्हणाली.

लेसरची पहिली बैठक जूनमध्ये झाली. आई आणि बाप आत, अंबूबाई बाहेर बाकड्यावर. दारावरचा लाल दिवा लागला. आतून टक्, टक् असा आवाज आणि प्रत्येक आवाजामागून पोरीची किंकाळी. अंबूबाईनं कानांवर हात घेतले. बाहेर आणली तेव्हा पोरीच्या गालावर वाटाण्याएवढे काळेनिळे ठिपके ओळीनं उठले होते. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं, आठ-दहा दिवसांत जातील म्हणून. पण चिमाबाईला कोणी सांगितलं नव्हतं. "अगं बया, पोरीला काय चटकं दिलं का काय?" असं ती चाळीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. आठवडाभर विजयश्री पोरीला घेऊन बाहेर पडली नाही. उन्हात न्यायची नव्हतीच, हे निमित्त बरं झालं.

दीड महिन्यानं दुसरी बैठक. पुन्हा ठिपके, पुन्हा वाट बघणं. सप्टेंबरात तिसरी. मधल्या काळात विजयश्री वायरींच्या कंपनीत सेकंड शिफ्टला जायला लागली. गाडीतल्या वायरींच्या जुड्यांना शिफ्टभर टेप गुंडाळून तिच्या बोटांची टोकं चिरून निघायची. पोरीला न्हाऊ घालताना साबण झोंबायचा तरी ती ते काम सासूला द्यायची नाही. सासूशी वागणं अगदी रीतसर होतं. वेळेवर जेवायला वाढायची, कंबरेला मलम चोळून द्यायची. नजर मात्र द्यायची नाही. जयमालाचा फोन आला आणि बोलता बोलता ग्रहण निघालं की विजयश्री मोरीपाशी जाऊन भांडी आवाज करत घासायची. अंबूबाई फोनवर "हां, हां" करायची.

डाग फिका पडत होता, हे रोज पाहणाऱ्याला कळत नव्हतं. कळलं ते खंडेनवमीला. रविराजच्या कारखान्यात मशीनची पूजा होती आणि घरच्यांना बोलावलं होतं. लेसरच्या मशीनला झेंडूचे हार घातले होते, पुढं नारळ ठेवला होता. अंबूबाईनं पहिल्यांदाच ते मशीन पाहिलं. रविराजनं काचेच्या आड उजेडाचा एक ठिपका पत्र्यावरून फिरवला आणि घटकेत पत्र्यातून मोर सुटून निघाला. अंबूबाईला लेकाचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली.

तेवढ्यात पैठणी नेसलेली एक तरुण बाई पुढं आली. सुपरवायझरची बायको. "अय्या, किती गोड आहे हो! द्या ना जरा." तिनं निशिगंधाला उचलून घेतलं आणि कोणत्या गालाला काय आहे हे न पाहता डाव्या गालाचा मुका घेतला. मग जरा मागं धरून पाहिलं. गुलाबी झाक होती तिथं, एवढीच. "घरी गेल्यावर दृष्ट काढा हं हिची," ती हसून म्हणाली आणि पोरीला परत दिलं.

सहा महिन्यांत हे कोणी म्हटलं नव्हतं. अंबूबाईच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं. घरी येऊन तिनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, पण तेवढ्यानं मन भरेना.

चौथी बैठक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. सकाळी विजयश्री अंघोळीला गेली, रविराज गाडीत पेट्रोल भरायला. पोर उजव्या कुशीवर झोपलं होतं, डावा कान वर. अंबूबाईनं फळीवरची डबी काढली. तिला सगळं आठवत होतं. पोळलेला पत्रा आठवत होता. तोंडाला नाहीच लावायचं, ती मनाशी म्हणाली. कानामागं केसांच्या कडेला बारीक ठिपका, तिथं कोण बघतंय? मशीन तर गालावर चालतं. तिनं करंगळी बुडवली आणि ठिपका लावला. तूप जरा जास्त झालं होतं, पसरलं. तिनं ते बोटानं सारखं केलं आणि जावळ वर ओढून घेतलं.

दवाखान्यात जयमालाही आली होती, पिंपळे गुरवहून जवळ म्हणून सगळ्यांसाठी डबा घेऊन. सिस्टरनं बाळाचा गाल ओल्या कापसानं पुसला, अंग चादरीत गुंडाळलं. डॉक्टर पद्मांनी उजेडात गाल वळवून पाहिला आणि पहिल्यांदा हसल्या.

"छान आलंय. गालावर आज थोडंच करू. आधी कान आणि कानामागचा भाग घेऊ, तिथं आपण अजून हातच लावलेला नाही."

दार लागलं. वरचा लाल दिवा लागला.

 जयमाला शेजारी बसून काहीतरी सांगत होती, ते अंबूबाईला ऐकू येईना. आत जाऊन सांगावं तर सगळ्यांसमोर सांगावं लागेल. आणि न सांगावं तर? तिच्या अंगठ्याला त्या पत्र्याची खरखर जाणवली. ती उठली.

"आई, कुठं? बस ना," जयमाला म्हणाली.

अंबूबाईनं दार ढकललं.

"आजी, चष्म्याशिवाय आत नाही यायचं!" सिस्टर ओरडली. आत सगळ्यांच्या डोळ्यांवर जाड रंगीत चष्मे होते. पोरीच्या डोळ्यांवर छोट्या वाट्या बसवल्या होत्या. विजयश्रीनं तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून उजवीकडं वळवलं होतं, आणि डॉक्टरांच्या हातातलं लेसरचं टोक कानामागं टेकत होतं.

"थांबा," अंबूबाई म्हणाली. "कानामागं काजळ हाय."

डॉक्टरांनी हात उचलला, पायाखालच्या बटणावरून पाऊल काढलं. सिस्टरनं केस बाजूला करून कापूस फिरवला. कापूस काळा झाला. दुसरा घेतला, तोही झाला.

"हे राहिलं असतं तर इथं भाजलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कडक झाला होता. "कायमचा व्रण राहिला असता. कोणी लावलं?"

"विजू!" रविराज ओरडला. "किती डाव सांगितलं तुला? पत्रा आणून दाखवला!"

अंबूबाईच्या मागोमाग जयमाला दारात आली होती. "वहिनीला सांगून उपयोग नाही, दादा. ग्रहणात नाही ऐकलं, आता काय ऐकणार?"

विजयश्रीचे डोळे चष्म्याआड दिसत नव्हते. तिनं पोरीचं डोकं सोडलं नाही. "चुकलं," ती म्हणाली. "कालचं ऱ्हायलं असंल."

काल तिनं काजळाला हातही लावला नव्हता. तिला कळलं होतं कोणाचं बोट ते. तरी तिनं ते स्वतःवर घेतलं, बारशाला घेतलं होतं तसंच. आणि अंबूबाईला समजलं की आता गप्प राहिलं तर हेही पचून जाईल. पोर वाचलंच आहे. कोणी विचारणार नाही. पुढच्या बाईच्या ओंजळीत घुगऱ्या घालायच्या आणि पुढं सरकायचं. तिला स्वतःची शरम वाटली.

"तिनं न्हाई लावलं," ती म्हणाली. "मी लावलं. आज सकाळी."

सिस्टरनं काळा कापूस ट्रेमध्ये टाकला.

"आन् दाभण बी मीच दिली हुती." आता थांबायचं नव्हतं. "ती इचारत हुती, शिवू का म्हनून. ग्रहन सुटत आलंय असं मी खोटं सांगितलं. मला ठावं हुतं लागलंय ते. सोयाबीन भिजंल म्हनून मीच शिवायला लावलं. रव्या, जयमाला, ऐका दोघं बी. बारशाला मला बोलता आलं असतं. न्हाई बोलले. सहा महिने हिला बोल खाऊ दिले."

मशीन बारीक घरघरत होतं. रविराजनं चष्मा काढला, बायकोकडं पाहिलं, पुन्हा घातला. "विजू," तो म्हणाला. 

"नंतर," विजयश्री म्हणाली. "आधी लेकराचं होऊ द्या."

डॉक्टरांनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं. "कानामागचं आज नको. काजळ रेषांत बसलंय, पुढच्या वेळी घेऊ. गाल तेवढा करून टाकू, बाळ दमायच्या आत. बाकीचे बाहेर."

जयमाला मुकाट्यानं मागं झाली. अंबूबाईही वळली. तेव्हा विजयश्री तिच्याकडं न बघता म्हणाली, "आत्या, पाय धरा. लई झाडती."

सिस्टरनं अंबूबाईच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. तिनं चादरीतून ते दोन्ही पाय धरले. टक्, आणि पोरीचे पाय तिच्या तळव्यांत ताणले गेले. टक्, पुन्हा. बाहेर बसून कानांवर हात घेणं सोपं होतं. ही पोर आणि तिची आई या खोलीत चार वेळा काय सोसत आली, हे अंबूबाईला आज हातांना कळलं. ती रडत होती आणि तरी तिनं पाय सैल सोडले नाहीत.

बाहेर आल्यावर जयमाला म्हणाली, "आई, मला तेव्हाच सांगायचंस की गं."

"धीर झाला न्हाई. आता तू सांग. गावात ज्याला ज्याला फोन केला हुतास त्याला पुन्ना कर. दाभण सासूनं दिली म्हनावं."

जयमालानं मान डोलावली. रविराज मोटारसायकलवरून तिला घरी सोडायला गेला. अंबूबाई आणि विजयश्री बसनं निघाल्या, पोर विजयश्रीच्या मांडीवर, गालावर ताजे काळेनिळे ठिपके. 

घरी आल्यावर अंबूबाईनं पितळी डबी उचलली आणि दारामागच्या कचऱ्याच्या बादलीकडं गेली.

"टाकू नका," विजयश्री म्हणाली.

ती पोरीला घेऊन भिंतीला टेकून बसली होती. थोडा वेळ तिनं पोरीच्या जावळातून हात फिरवला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी मुद्दाम इचारलं होतं, शिवू का म्हणून. मला वाटलं, तुमी न्हाई म्हणाल." तिनं पोरीला सावरून घेतलं. "बारशाला बी वाटलं होतं, बोलाल."

 अंबूबाई डबी हातात धरून उभी राहिली.

दारात रविराज आला होता. त्यानं चपला काढल्या, आत आला, आणि बायकोच्या शेजारी जमिनीवर बसला. एवढ्या महिन्यांत तो असा बसला नव्हता. त्यानं पोरीला घेतलं ते उजव्या खांद्यावर. ठिपक्यांचा गाल बाहेर राहिला, सगळ्यांना दिसेल असा. विजयश्रीनं ते पाहिलं. मग तिनं पोरीच्या एका पायातला मोजा काढला.

"तळपायाला लावा, आत्या," ती म्हणाली. "तिथं मशीन येत न्हाई. लोक बघायला लागलेत आता हिच्याकडं."

अंबूबाई गुडघे टेकून बसली. तिनं डबी उघडली, करंगळी बुडवली. पोर पाय झाडत होतं, ठिपका काही जागेवर बसेना. मग विजयश्रीनं पाय धरला.